न ऐकता स्पीकर घ्यायचे? कोल्हापुरातली दुकानं गेली त्यावरून

आठ ओहम, राजारामपुरी
काल 'गडहिंग्लजकर' यांनी लिहिलं की हाय-फायची, म्हणजे घरी गाणी ऐकायच्या चांगल्या स्पीकर-ॲम्प्लिफायरची दुकानं बंद झाली म्हणून गळे काढू नका, स्पीकरच्या आवाजाचे आलेख बघा, रिव्ह्यू वाचा, घरपोच मागवा. दुकानदाराचं भाडं आपण का भरायचं? रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

शाहूपुरीत एक दुकान होतं. जिना चढून वर, आत जाड पडदे आणि मधोमध एकच खुर्ची. मालक काका गिऱ्हाइकाला आधी तंबोरा ऐकवायचे. नुसता तंबोरा, दोन मिनिटं. म्हणायचे, "जवारी ऐक." मिरजेचा तंबोरा ज्यानं जवळ बसून ऐकलाय त्याला माहीत आहे, तार छेडली की आवाज हळूहळू उमलतो आणि त्यातून वरचे स्वर सुटे होत जातात, तीच जवारी. वाईट स्पीकरवर त्याची करकर होते. काकांनी त्या दिवशी तीन जोड्या बदलून लावल्या आणि मी मनात धरून गेलेली सगळ्यात महागडी जोडी माझ्याच कानांनी नापास केली.

दुकान बंद पडल्यावर मी टॉवर स्पीकर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, ऑनलाइन मागवले. खोली १२ बाय १०. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंती साधारण ४७ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला घुमतात, हे नंतर कळलं. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली घसीट गेली, नुसतं धुम्म धुम्म राहिलं. परत घ्या म्हटलं, तर विक्रेता म्हणतो बिघाड असेल तरच. दोन वर्षं झाली, चादर घालून ठेवलेत.

गडहिंग्लजकर
तुम्हाला खुर्ची मिळाली. मला नाही मिळाली.

२००६ साली कॉलेजात होतो. एसटीनं कोल्हापूरला आलो, खिशात साठवलेले साडेचार हजार. अशाच एका दुकानात गेलो. माझ्या चपला बघून तिथला माणूस म्हणाला, "हात लावू नको, घ्यायचं असेल तर सांग." दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. आज मला घरबसल्या कळतं की तेवढ्याच वॅटवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला ९० देणाऱ्या स्पीकरएवढा आवाज काढायला चौपट वॅट लागतात. तेव्हा हे मला कुणी सांगितलं? दुकानात जो माल पडून असेल तोच 'तुमच्यासाठी बेस्ट' असायचा. तुमची खोली मोजायला तुम्हाला कुणी अडवलं होतं का?

खरी कॉर्नर
दुकानं का गेली ते मी सांगतो. डॉल्बीनं घालवली! अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते ते हे गाव. इथला देवल क्लब, गाण्याची संस्था, १८८३ पासूनचा. आणि आज इथल्या पोराला आवाज म्हणजे काय विचारा, छातीत धडधडलं पाहिजे म्हणतो. १९६५ मध्ये रे डॉल्बींनी कंपनी काढली ती टेपची सळसळ कमी करायला, आणि आपण त्यांचं नाव कशाला दिलं बघा. विसर्जनाच्या रात्री आमच्या आजीच्या उशाशी खिडकीची काच थरथरत होती. कानात कापूस घालून, माझा हात धरून बसली होती ती. वय ८३. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

मंडळाचा कार्यकर्ता
ओ दादा, आजीबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण सगळं खापर आमच्यावर फोडू नका. हाय-फायचं दुकान कुठलं मंडळ बंद करतंय? गिऱ्हाईक फोनवर गाणी ऐकायला लागलं म्हणून बंद झालं. आमच्यात बेस खेळणारी पोरं क्रॉसओव्हर, म्हंजी जाड-बारीक आवाज वेगळा करणारं सर्किट, स्वतः जोडत्यात, स्पीकरची जळालेली कॉइल काढून नवी बसवत्यात. तुमच्या भारी स्पीकरच्या पडद्याच्या कडेचा फोम आठ-दहा पावसाळ्यांत कुजून गळाला की कुणाकडं नेता? आमच्याच पोराकडं. तवा डॉल्बीवाला चालतो व्हय?

खरी कॉर्नर
पोरांच्या हातातल्या कलेला कोण नाव ठेवतंय? भिंतीएवढे बॉक्स गल्लीत कशाला, एवढंच विचारतोय. उत्तर द्या.

मंडळाचा कार्यकर्ता
गेल्या वर्षी आमच्या मंडळानं ढोल-ताशा लावला. त्याबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या का? शिव्या द्यायला मात्र सगळे हजर.

खरी कॉर्नर
लावला असेल तर चांगलं केलंत. पण दहा वाजता बंद केला होता का, तेही सांगा.

आठ ओहम, राजारामपुरी
अहो, धागा कुठं चाललाय! डॉल्बीसाठी वेगळा धागा काढा.

गडहिंग्लजकर, चपलांची गोष्ट वाचून वाईट वाटलं. मी जायचो ते दुकान ते नव्हतं, पण तशी माणसं होती हे मलाही माहीत आहे. नाकारत नाही. खोली मी मोजायला हवी होती, हेही कबूल. पण आलेख काढतात ते स्पीकरचे, तुमच्या घराचे नव्हेत. साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीच ठरवते काय ऐकू येणार ते. काका पहिला प्रश्न विचारायचे तो "खोली केवढी?" बजेट नंतर. आज तो प्रश्न विचारणारं माणूस गावात उरलेलं नाही. ऐकायचं तर २३० किलोमीटर पुण्याला जा, तेही वेळ ठरवून, आणि तिथं एसीच्या हॉलमध्ये ऐकलेलं आपल्या घरी येऊन वेगळंच वाजतं.

तिसरी सप्तक
माझे वडील वारले तेव्हा त्यांचा ॲम्प्लिफायर विकायचा होता. ऑनलाइन टाकला तर आलेल्या प्रत्येकानं फक्त भाव विचारला. शेवटी विकला नाही. बाबा ज्या आवाजावर ठेवून गेले, व्हॉल्यूमचं बटण अजून तिथंच आहे.

गडहिंग्लजकर
आठ ओहम, एक विचारतो. ते चादरीखालचे टॉवर विकायचेत का? माझी खोली १६ बाय १४ आहे, एका बाजूला पुस्तकांचं कपाट. पण आधी येऊन ऐकणार, माझी सीडी घेऊन. याचा अर्थ तुमचं सगळं पटलं असा घेऊ नका.

आठ ओहम, राजारामपुरी
रविवारी या. जमलं तर शनिवारी रात्रीच मुक्कामाला या, सकाळी रस्त्यावर वर्दळ नसताना ऐकू.