शब्द हवा: क्रेडिट रिपोर्टमधला 'ऑथोराइज्ड यूजर'

एडिसनकर
अमेरिकेत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पत, कार्ड, घरकर्ज यांवर एक माहितीपत्रक लिहितोय. 'ऑथोराइज्ड यूजर'पाशी गाडी अडली आहे. नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर बायकोचं किंवा आईच्या कार्डावर कॉलेजातल्या मुलाचं नाव घालतात. त्यांना स्वतःच्या नावाचं कार्ड मिळतं, बिल मात्र मूळ कार्डधारकाच्या माथी. 'सहखातेदार' चालेल का?

जमाखर्च
अजिबात नाही. सहखातेदार म्हणजे जॉइंट, देणं दोघांवर. इथे वापरायला दोघं, फेडायला कायद्याने एकच.
बँका इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तीन ब्युरोंना माहिती पाठवतात ती 'मेट्रो २' नावाच्या ठरावीक साच्यात. त्यात प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो: एकट्याचं खातं १, जॉइंट २, आपला हा प्राणी ३. उद्या त्या बाई स्वतःच्या नावावर कर्ज मागायला गेल्या की ही थकबाकी त्यांचीच मानायची की नाही, हे त्या आकड्यावरून ठरतं. तुमच्या पत्रकात २ आणि ३ एकाच शब्दात कोंबू नका.

वाचकपुणे३०
सरळ 'अधिकृत वापरकर्ता' लिहा की! इतका खल कशाला?

शब्दवेल्हाळ
'अधिकृत' कानाला सरकारी लागतो. अधिकृत विक्रेता, अधिकृत बांधकाम. आणि बँकेत 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता' आधीच बसलेला आहे, त्याच्या सहीने संस्था बांधली जाते. इथे उलट, यूजरच्या हाती खात्याचा कारभार नसतो, फक्त खर्चाची मुभा असते. 'मुभाधारक' सुचवणार होतो, पण बायको हसली.
मला 'पुरवणी कार्डधारक' पटतो. मूळ कार्ड आणि पुरवणी कार्ड, कोण कोणाच्या आधाराने उभं आहे ते लगेच कळतं.

वाचकपुणे३०
पुरवणी परीक्षेत असते हो. इकडे सगळे 'ॲड-ऑन कार्ड' म्हणतात.

जमाखर्च
बोलताना ॲड-ऑनच. पण भारतातल्या सिबिल या ब्युरोच्या अहवालातही खात्याच्या मालकीचे चार प्रकार आहेत, वैयक्तिक, जॉइंट, जामीनदार आणि ऑथोराइज्ड यूजर. म्हणजे शब्द परका नाही, आपण तो वाचत नाही इतकंच.

डॅलसची सून
शब्द कुठलाही घ्या, पण नोंद कशी दिसते ते लिहा. मी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याची बायको म्हणून, आले तेव्हा यांच्या कार्डावर माझं नाव चढवलं होतं. कार्ड रोज वापरत होते, आणि माझा क्रेडिट रिपोर्ट कोरा! बँकेकडे माझा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नव्हता, कारण मला तो मिळालाच नव्हता. नंबर आल्यावर बँकेला कळवला, तेव्हा कुठे खातं दिसू लागलं.
दिसलं ते मात्र खातं उघडल्याच्या तारखेसकट. माझं नाव नंतर चढलं तरी यांची जुनी वर्षं, मर्यादा, शिल्लक देणं सगळं माझ्या रिपोर्टात.

एडिसनकर
म्हणजे त्यांनी हप्ता चुकवला असता तर तोही?

जमाखर्च
येऊ शकतो. फेडायची जबाबदारी नाही, पण डाग लागू शकतो. आणि मर्यादेच्या काठापर्यंत कार्ड घासलेलं असेल, तर एकही बिल न चुकवता पतीचा गुणांक (क्रेडिट स्कोअर) उतरतो. गंमत बघा, काही रिपोर्टांत हा शब्द 'रिस्पॉन्सिबिलिटी' या मथळ्याखाली छापतात!
हे मुळात रिपोर्टात येतं कशासाठी, तर बायकांसाठी. १९७४ साली अमेरिकेत समान पतसंधीचा कायदा झाला. त्याआधी नवऱ्याच्या खात्यावर आयुष्यभर व्यवहार करूनही बाईच्या नावावर पत शून्य राहायची, आणि घटस्फोट झाला किंवा नवरा गेला की तिला कोणी दारात उभं करत नसे. त्या कायद्याखालच्या नियमाने १९७७ पासून, जोडीदाराला खातं वापरायची परवानगी असेल तर त्या खात्याची माहिती देताना दोघांचाही सहभाग दाखवणं बँकांवर आलं.
पुढे लोकांनी त्याचा धंदा केला. अनोळखी माणसाच्या जुन्या, स्वच्छ कार्डावर पैसे देऊन नाव घालून घ्यायचं. हा गुणांक काढण्याची पद्धत बनवणाऱ्या फायको कंपनीने २००७ मध्ये जाहीर केलं की नव्या गुणांकात अशी खाती धरणारच नाही. खऱ्याखुऱ्या नवराबायकोंचं काय, अशी ओरड झाली आणि २००८ मध्ये निर्णय फिरवला. खाती राहिली, गैरवापर ओळखायची गाळणी लागली.

शब्दवेल्हाळ
त्या धंद्याला 'पिगीबॅकिंग' म्हणतात ना? 'उसनी पत'. याला तरी कोणी हरकत घेऊ नका.
आणि डॅलसच्या ताईंनी लिहिलेलं 'नाव चढवणे' पत्रकात जसंच्या तसं घ्या. रेशनकार्डावर चढवतात तसं. कुठल्याही समितीला याहून बरं सापडणार नाही.

एडिसनकर
ठरलं. मथळ्यात 'पुरवणी कार्डधारक', पहिल्या वाक्यात 'म्हणजे रिपोर्टातला ऑथोराइज्ड यूजर', आणि लगेच 'वापराची मुभा, फेडीची जबाबदारी नाही'. काढण्यासाठी 'नाव कमी करणे'. कमी केल्यावर खातं रिपोर्टातून जातं का?

जमाखर्च
बहुधा जातं, कधीकधी 'टर्मिनेटेड' असा शेरा घेऊन रेंगाळतं. आधी बँकेला फोन करायचा. तरी राहिलं तर ब्युरोकडे हरकत नोंदवायची, साधारण ३० दिवसांत त्यांना तपास पुरा करावा लागतो. तिन्ही ब्युरोंकडे वेगवेगळी, हे ठळक अक्षरात छापा.