मदत हवी आहे: मुख्याध्यापिकेच्या पाठीशी संस्थेने नेमके कसे उभे राहावे?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका अनुदानित हायस्कूलच्या संस्थेत मी कार्यकारिणीचा सदस्य आहे. शिक्षकी पेशाशी संबंध नाही, वाळपईत हार्डवेअरचे दुकान चालवतो. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

जुने सर निवृत्त झाल्यावर ज्येष्ठतेने एक मॅडम मुख्याध्यापिका झाल्या. गणित शिकवण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. पण आता त्यांचा दिवस बघितला की मलाच धाप लागते. बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी शाळेची बस, वाटेत बंद पडला की पहिला फोन त्यांना. मग माध्यान्ह आहार आला का, चाखला का, यूडायसची (शाळेच्या सरकारी नोंदींची) माहिती भरली का, पर्वरीहून शिक्षण खात्याच्या आलेल्या परिपत्रकाला आजच उत्तर हवे. प्रयोगशाळेचे छप्पर गळते, तेही त्यांनीच बघायचे. दीडला शाळा सुटते आणि मॅडमचे कागद तेव्हा कुठे सुरू होतात.

यात मुलांकडे बघायचे कधी? आमच्याकडे गावची मुले आहेत, तशीच होंडा-पिसुर्ल्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांचीही. घरात कन्नड नाहीतर हिंदी, अंगणात कोकणी आणि दप्तरात इंग्रजी पुस्तक. सहावीतला एक मुलगा तोंडी सगळे सांगतो, पण चार ओळी धड लिहिता येत नाहीत. वर्गात त्याला ‘ढ’ म्हणतात. एका मुलीच्या पायाला कॅलिपर (आधाराचा सांगाडा) आहे आणि तिचा वर्ग माडीवर होता. मॅडमनी तो खाली आणला, तर स्टाफरूममध्ये कुरकूर, की एका मुलीसाठी सगळे वेळापत्रक कशाला हलवायचे.

मला खरे खटकले ते पुढचे. एका शिक्षकाने मुलाला पट्टीने मारल्याची तक्रार आली. मॅडमनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. आमच्या बैठकीत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “एवढ्या तेवढ्याला कागद कशाला? बोलावून समज द्यायची होती.” गोव्याचा बाल कायदा २००३ चा आहे, शाळेत मारायला तेव्हापासून बंदी आहे. म्हणजे मॅडमचे काहीच चुकले नव्हते. तरी त्या दिवसापासून त्या बैठकीत विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

आता कार्यकारिणीत कोण म्हणतो कॅमेरे लावू, कोण म्हणतो सुरक्षा समिती नेमू. समित्या कागदावर आहेतच, सगळ्यांत तीच ती नावे. शाळा सुरक्षित राहावी, कुठल्याही मुलाला परके वाटू नये, हे काम मॅडम करायला तयार आहेत. त्यांना बळ मिळेल असे संस्थेच्या हातात काय आहे? अनुभवी मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, सगळ्यांनी सांगावे.

प्रतिसाद: पेडण्याचा मास्तर

निवृत्त हेडमास्तर आहे, म्हणून अधिकाराने लिहितो. कॅमेरे लावा, पण त्याने हेडची झोप परत येणार नाही. हेडला पालकांची भीती नसते, खात्याचीही फारशी नसते. प्रसंग आला तर संस्था आपल्याला तोंडघशी पाडेल का, ही भीती असते.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवायचेच असते. आधी संस्थेची परवानगी, मग अंतर्गत चौकशी, मग अध्यक्षांचा सल्ला, असले काही त्यात नाही. आणि कलम २१ वाचा. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. “शाळेचे नाव खराब होईल, जरा थांबूया” म्हणणारा सदस्य घरी सुखाने जेवतो, कोर्टाच्या पायऱ्या हेड चढतो. तेव्हा मॅडमना कोणालाही न विचारता कळवण्याची मोकळीक आहे, असा लेखी ठराव करा. कायद्याला त्याची गरज नाही, मॅडमना आहे.

दुसरे, बालरथ. चालक आणि मदतनीस संस्थाच नेमते ना? मग त्यांची पोलीस पडताळणी संस्थेने करून घ्यावी. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पडताळणी सांगितली आहे, कंत्राटी असला तरी, आणि तीही वेळोवेळी. हे काम मॅडमच्या टेबलावरून तुमच्या दुकानाच्या गल्ल्यावर येऊ द्या. गाडी बंद पडली तर फोनही तुम्हालाच.

प्रतिसाद: शाळा-समुपदेशक

मास्तरांशी सहमत. माझ्या बाजूने थोडे. माझ्यासारख्यांच्या वाट्याला एकापेक्षा जास्त शाळा असतात, रोज एका ठिकाणी बसता येत नाही. ज्या दिवशी जाते त्या दिवशी खोली मिळत नाही. कधी ग्रंथालयात, कधी क्रीडासाहित्याच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीला टेकून. मूल तिथे काय बोलणार? दार लागेल अशी एक खोली द्या, आणि ती स्टाफरूमसमोर नको. माझ्याकडे कोण येऊन गेले याची चर्चा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर होऊ नये, हे संस्थेने मॅडमच्या बाजूने ठणकावून सांगावे. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना दिसेल असा लावा, ऑफिसात नव्हे.

नव्या शैक्षणिक धोरणात मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. मॅडम प्रशिक्षणाला गेल्या की त्या दिवसाचा प्रभार कोणाकडे हे आधीच ठरवा. तिथे बसून त्या फोनवर नळाच्या दुरुस्तीचे बोलत असतील तर जाऊन उपयोग काय? शिवाय तालुक्यातल्या इतर मुख्याध्यापकांना भेटायची त्यांना तीच जागा असते. अडचणी तिथेच मोकळेपणाने बोलल्या जातात, संस्थेपुढे नाही.

प्रतिसाद: एक आई, फोंडा

सहावीतल्या त्या मुलाबद्दल वाचून राहवले नाही. माझ्या मुलाचे हेच होते. आमच्या हेडमिस्ट्रेसनी वेळेत पत्र दिले, बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार रुग्णालयात) तपासणी झाली आणि अध्ययन अक्षमता निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे, त्यात हीसुद्धा येते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण कागद हवेत. दहावीचा फॉर्म भरताना धावपळ केली तर फार उशीर झालेला असतो. कृपया त्या मुलाच्या पालकांना एकटे पाठवू नका. रोजंदारीवरची माणसे असतील तर बांबोळीचा एक दिवस म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. संस्था गाडीभाडे तरी देऊ शकेल.

आणि ‘ढ’ म्हणणे आधी शिक्षकांनी बंद करावे, मग मुलांना सांगावे.

प्रतिसाद: कुंपणावरचा

सगळे छान, पण एक शंका. आमच्याकडे संस्थेचे सदस्य ‘पाठीशी उभे राहायला’ रोज सकाळी हेडच्या ऑफिसात येऊन खुर्ची अडवतात. चहा, पेपर, आणि कोणाच्या मुलाला कुठली तुकडी यावर सल्ला. असला आधार देणार असाल तर मॅडमना एकटे सोडलेले बरे.

प्रतिसाद: धागाकर्ता

कुंपणावरचे, हसलो, पण मुद्दा टिपून घेतला. ऑफिसात महिन्यातून एकदा आणि बोलावले तरच, असे सुचवतो.

बालरथचे काम मी अंगावर घेतो, पडताळणीचे अर्जही मीच नेईन. छपरासाठी पत्र्यांचा प्रश्न नाही, दुकान आहेच (मजुरी मात्र संस्थेची!). समुपदेशकांसाठी जुनी नकाशांची खोली आहे, ती रिकामी करता येईल. ताई, गाडीभाड्याचे पालक-शिक्षक संघापुढे मांडतो.

मास्तर, अडतोय तो ठरावाच्या शब्दांत. ज्येष्ठ सदस्यांना हा आपल्यावरचा अविश्वास वाटता कामा नये, आणि पट्टीने मारण्यासारख्या तक्रारीतही मॅडमना बळ मिळावे. नमुना देता का?

प्रतिसाद: पेडण्याचा मास्तर

घ्या. लांबवू नका, लांब ठरावात पळवाटा राहतात.

“विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबतची कोणतीही तक्रार मुख्याध्यापिका लेखी नोंदवतील. कायद्याने पोलिसांना कळवणे आवश्यक असेल तिथे त्या तात्काळ कळवतील व त्यानंतर संस्थेला माहिती देतील. अशा कोणत्याही कार्यवाहीसाठी संस्थेच्या पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. शारीरिक शिक्षेच्या तक्रारीत संबंधित शिक्षकाकडून लेखी खुलासा मागवण्यात संस्था मुख्याध्यापिकेस पूर्ण सहकार्य करील.”

ज्यांनी “कागद कशाला” म्हटले, त्यांनाच सूचक करा. अनुमोदक तुम्ही व्हा. आणि ‘त्यानंतर’ हा शब्द बैठकीत कोणी ‘त्यापूर्वी’ करायला लावेल, तिथे अडून बसा.