अनुभव धागा : काळ्या पडद्यावर वाचलेले क्वेरी प्लॅन

ग्राहकाच्या सर्व्हरवर पुष्कळदा फक्त एसएसएच, म्हणजे दुरून कमांड टाइप करायची सोय, मिळतं. प्लॅनचं रंगीत चित्र काढून दाखवणारं टूल तिथे नसतं. पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल, मायएसक्यूएल नाहीतर ओरॅकलचं एसक्यूएल प्लस, या टाइप करायच्या टूल्सचाच आधार. तिथे बसून प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवणार ते, वाचलेल्यांनी लिहा. मॅन्युअल नको, घडलेलं हवं.

मीच सुरुवात करते. पोस्टग्रेस. एरवी काही सेकंदांत येणारा थकबाकीचा रिपोर्ट त्या दिवशी हलेना. नुसतं एक्स्प्लेन (क्वेरी न चालवता अंदाजी प्लॅन) केलं तर सगळं ठीक: नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी आत एक फेरी), आत इंडेक्स स्कॅन. मग एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ लावलं आणि जेवून आले. बाहेरच्या स्कॅनवर अंदाज होता 1 ओळीचा, प्रत्यक्षात आल्या 2,18,400. आतल्या इंडेक्स स्कॅनपुढे वेळ 11 मिलिसेकंद, म्हणून मी तो आधी सोडूनच दिला होता. पण तो वेळ एका फेरीचा असतो, आणि त्याच ओळीच्या शेवटी लूप्स होते 218400. गुणाकार केला, चाळीस मिनिटं तिथेच गेली होती. आदल्या रात्री मोठा डेटा लोड झाला होता, स्टॅटिस्टिक्स, म्हणजे डेटाबेस ज्यावरून अंदाज बांधतो ती आकडेवारी, जुनीच होती. ती ताजी करायला त्या टेबलावर नुसतं अ‍ॅनलाइझ चालवलं आणि प्लॅन हॅश जॉइनवर (फेऱ्यांऐवजी एकदाच हॅश टेबल बांधून जुळवणी) आला.

*

ताई, त्या एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझबद्दल नवख्यांसाठी लिहितो. ते क्वेरी खरोखर चालवतं. आमच्या टीममधल्या एका मुलाने डिलीटचा प्लॅन बघायला म्हणून ते प्रॉडवर (खऱ्या, चालू डेटाबेसवर) लावलं, आणि ओळी गेल्या. रात्रभर बॅकअपमधून डेटा परत आणला. त्याला कुणी रागावलं नाही, कारण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे आधी बिगिन, मग प्लॅन, मग रोलबॅक, म्हणजे झालेला बदल मागे. तरीही तेवढा वेळ लॉक लागतात (त्या ओळी बदलायला इतरांना थांबावं लागतं), म्हणून भरदिवसा प्रॉडवर नाहीच.

*

मायएसक्यूएल. मोबाइल नंबरवर इंडेक्स असूनही शोध मंद. एक्स्प्लेनचं आडवं टेबल टर्मिनलमध्ये मोडून वाचवत नव्हतं, म्हणून शेवटी सेमीकोलनऐवजी बॅकस्लॅश आणि कॅपिटल जी दिलं. सगळं एकाखाली एक आलं. पॉसिबल कीजमध्ये आमचा इंडेक्स, त्याच्याच खाली की : नल, आणि टाइप : ऑल, म्हणजे इंडेक्स न वापरता पूर्ण टेबल वाचणं. लगेच शो वॉर्निंग्ज केलं, तर कारण स्वच्छ लिहिलेलं: टाइप जुळत नाही. कॉलम व्हारकार (मजकुराचा) होता आणि कोडमधून नंबर अवतरणचिन्हांशिवाय येत होता. दोन अवतरणचिन्हांचं काम होतं.

*

ओरॅकलवाल्यांनो, एक्स्प्लेन प्लॅन बाइंड व्हेरिएबलची (क्वेरीतल्या, चालवताना भरायच्या जागेची) किंमत बघत नाही. त्यामुळे तिथे दिसलेला प्लॅन आणि खरा चाललेला प्लॅन वेगळे निघू शकतात. माझे दोन दिवस यातच गेले. आता खरा चाललेला प्लॅन दाखवणारं डीबीएमएस एक्सप्लॅनचं डिस्प्ले कर्सर, ऑलस्टॅट्स लास्टसह. क्वेरी गॅदर प्लॅन स्टॅटिस्टिक्स हिंट देऊन चालवली असेल तर ई-रोज (अंदाजी ओळी) आणि ए-रोज (प्रत्यक्ष ओळी) शेजारी शेजारी दिसतात.

*

एसक्यूलाइटच्या शेलमध्ये एवढंच टाइप करायचं: .eqp on (डॉट ईक्यूपी ऑन). मग प्रत्येक क्वेरीआधी प्लॅन येतो. स्कॅन (पूर्ण टेबल वाचणं) जाऊन सर्च (हव्या त्याच ओळी शोधणं) आलं की मला बरं वाटतं.

*

पोस्टग्रेस. रात्री दोनला मी एकटी ड्युटीवर होते. स्क्रीन शेअर करायची परवानगी नव्हती, म्हणून सरांना फोनवर प्लॅन वाचून दाखवत होते. ते म्हणाले, "वरून नको, सगळ्यात आत सरकलेली ओळ आधी वाच." तिथून वर येता येता सॉर्टपाशी पोचले: एक्स्टर्नल मर्ज, डिस्क, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर गेलेला. "थांब. वर्क मेम किती आहे?" सॉर्टसारख्या कामाला मिळणारी ही मेमरी मूळचीच, 4 एमबी. फक्त त्या सेशनपुरती वाढवून परत चालवलं. डिस्कच्या जागी क्विकसॉर्ट, मेमरी असं आलं, तेही त्यांना वाचून दाखवलं.