डोक्याच्या दुखापतीनंतर मूल मध्येच थिजते: ही फिट, औषधाचा परिणाम की दुखापतीचा?

प्रश्न (कोथरूडची आई)

माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. जूनमध्ये पौड फाट्याजवळ तो स्कूटरवरून मागच्या मागे पडला. हेल्मेट माझ्या डोक्यावर होते, त्याच्या नव्हते. कपाळाच्या डाव्या बाजूचे हाड आत दबून खाली रक्तस्राव झाला होता, त्यामुळे शस्त्रक्रिया करावी लागली. दुसऱ्या दिवशी अतिदक्षता विभागातच त्याला मोठी फिट आली आणि तेव्हापासून लेव्हेटिरॅसिटॅम ही फिट रोखणारी गोळी चालू आहे. घरी सोडताना ‘जखम भरली, आता शाळेत पाठवा’ एवढेच सांगण्यात आले.

दिवाळीच्या सुट्टीपासून मात्र एक वेगळीच गोष्ट दिसू लागली आहे. जेवताना वरणभाताचा घास हातात तसाच राहतो, नजर भिंतीवर खिळते आणि ओठ काही चघळल्यासारखे हलतात. हाक मारली, खांदा धरून हलवले, तरी प्रतिसाद नसतो. अर्ध्या मिनिटाने भानावर येऊन तो ‘आई, लिंबू दे ना’ म्हणतो, आणि लिंबाची पिळलेली फोड त्याच्याच ताटात असते. शिवाय पूर्वी शांत असलेला हा मुलगा हल्ली क्षुल्लक कारणावरून वस्तू फेकतो, आणि गणितातले शाब्दिक उदाहरण शेवटपर्यंत वाचेतो पहिली ओळ विसरतो. वहीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो. सासूबाई म्हणतात, लहान मुलाचा मेंदू आहे, भरून निघेल. हे नेमके काय असावे?

उत्तर १ (सिंहगड रस्त्यावरील एक बाबा)

ताई, आमच्या मुलीच्या बाबतीत आम्ही याच चक्रातून गेलो आहोत, म्हणून लिहितो. तंद्री लागलेले मूल हाकेने नाही तरी स्पर्शाने भानावर येते. तुमचा मुलगा हलवूनही येत नाही, ओठ हलतात आणि मधला काळ त्याला आठवत नाही, हे तंद्रीपेक्षा फिटसारखे वाटते; डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. त्याहून उत्तम म्हणजे मोबाइलवर चित्रीकरण करा. आम्ही तीन भेटींत तोंडी जे पटवू शकलो नव्हतो, ते चाळीस सेकंदांच्या चित्रफितीने पटले. सोबत तारीख, वेळ, झोप किती झाली होती आणि गोळी चुकली होती का, एवढे वहीत लिहीत जा.

चिडचिडीबद्दल सांगायचे तर लेव्हेटिरॅसिटॅममुळे काही मुले रागीट होतात, हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे. राग औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर वाढला का, हे वही पाहून कळेल. परंतु गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास फिट वाढू शकतात.

उत्तर २ (बालमेंदूविकार विभागात काम केलेली डॉक्टर)

न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी वर्णन वाचून इतके नक्की म्हणेन की पुढच्या नेमून दिलेल्या तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात बालमेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

इजेनंतर पहिल्या सात दिवसांत येणारी फिट आणि त्यानंतर येणारी फिट यांचा अर्थ वेगळा असतो. पहिली ताज्या इजेची प्रतिक्रिया असते, मुलांत मोठ्यांपेक्षा अधिक आढळते, आणि ती आली म्हणजे अपस्मार (पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार) जडलाच असे नव्हे. सात दिवसांनंतरच्या फिटमागे मेंदूत झालेला कायमचा बदल असतो: साचलेल्या रक्तातील लोह पेशींना चेतवत राहते, व्रण तयार होतो, आवर घालणाऱ्या पेशी कमी होतात आणि उरलेल्या पेशींची जोडणी नव्याने होते. या घडामोडींना काळ लागतो, म्हणून मधले काही महिने शांत जातात आणि घरचे निर्धास्त होतात. मिनेसोटातील साडेचार हजारांहून अधिक जखमींच्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच वर्षांत अशी फिट येण्याचे प्रमाण सौम्य इजेनंतर ०.७ टक्के, मध्यम इजेनंतर १.२ टक्के आणि गंभीर इजेनंतर १० टक्के होते. म्हणजे गंभीर इजेनंतरही बहुसंख्यांना हा त्रास होत नाही. मात्र दबलेले हाड आणि रक्तस्राव यांनी धोका वाढतो. सुरुवातीला दिलेले औषध पहिल्या आठवड्यातील फिट रोखते, पुढचा अपस्मार टाळत नाही. फेनिटॉइन या फिटवरच्या जुन्या औषधाबाबत १९९० मध्येच हे दिसून आले होते.

अर्ध्या तासाचा साधा ई.ई.जी. (मेंदूतील विद्युत लहरींची नोंद) निर्दोष आला तरी फिट नाहीतच असे समजू नका. आदल्या रात्री कमी झोपवून, झोपेतला भागही नोंदवणारा ई.ई.जी. करण्याविषयी विचारा.

उत्तर ३ (विशेष शिक्षिका)

‘भरून निघेल’ या वाक्याने मी पाहिलेल्या मुलांचे बरेच नुकसान केले आहे. लहान मेंदूत जुळवून घेण्याची क्षमता असते हे खरे, पण कपाळामागचा भाग, जो नियोजन करतो, आवेग आवरतो आणि वाचलेली ओळ पुढची ओळ वाचेपर्यंत धरून ठेवतो, तो विशीपर्यंत घडत असतो. म्हणून चौथीत जेमतेम जाणवणारी उणीव सातवीत, सहा विषयांचे गृहपाठ स्वतः आखायची वेळ आली की, उघडी पडते. बुद्ध्यंक चांगला आला तरी समाधान मानू नका. लक्ष, कार्यस्मृती (वाचलेले-ऐकलेले काही क्षण मनात धरून ठेवणे) आणि वेग यांची स्वतंत्र मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या.

शाळेला तोंडी न सांगता पत्र द्या. एका वेळी एकच सूचना, शाब्दिक उदाहरण तुकड्यातुकड्याने, आणि दुपारी थोडी विश्रांती, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मोठी फिट आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी, हेही त्यात लिहा. कांदा आणि चप्पल हुंगवणारे लोक अजून शिक्षक-खोलीतही भेटतात.

कोथरूडची आई

सर्वांचे आभार. चित्रफीत दाखवताच डॉक्टरांनी झोपेचा ई.ई.जी. करायला सांगितले. पहाटे तीनला त्याला जागे ठेवण्यासाठी मी आणि हे आळीपाळीने कॅरम खेळलो. डाव्या बाजूला दोष दिसला आहे. औषध हळूहळू बदलत आहेत आणि मानसशास्त्रीय चाचणी पुढच्या महिन्यात आहे. विसरणे आणि राग यांतले किती फिटमुळे, किती औषधामुळे आणि किती इजेमुळे, हे त्यानंतर थोडे उलगडेल, असे आमच्या डॉक्टर म्हणाल्या. एक राहिलेच: उन्हाळ्यात टिळक टँकवर पोहायला पाठवू का?

उत्तर २

फिट पूर्ण आटोक्यात येऊन तुमच्या डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको. त्यानंतरही हाताच्या अंतरावर, ही गोष्ट माहीत असलेला मोठा माणूस पाण्यातच हवा. आणि आजपासून घरी आंघोळीच्या वेळी त्याला आतून कडी लावू देऊ नका. बादलीभर पाणीही पुरेसे धोकादायक असते.