पुरानंतरचे आईचे फोटो: खाली किती लिहायचं?

गावभागातली
सांगलीत गावभागात आमचं घर. 2005 च्या पुरात पाणी सोप्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबलेलं. त्याच भरवशावर 2019 च्या ऑगस्टात अल्बमची ट्रंक कॉटवर ठेवून आम्ही बाहेर पडलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ट्रंक उघडली तेव्हा फोटोंची वडी झालेली. वरवरचे बारा-तेरा सुटले. त्यात आईला शोधलं, तर असेल त्या फोटोत मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड. बाबा गेल्यावरच्या फोटोंत तर नाहीच. "मी नको, तुम्ही उभ्या राहा."

पुरात आम्ही एका शाळेत राहिलो. तिथं तिसऱ्या दिवशी भाताचं पातेलं आईनं ताब्यात घेतलं. मी फोनवर फोटो काढला. पदर खोचलेला, हातात कलथा, थेट माझ्याकडे बघतेय. म्हणाली, "काढायचा तर काढ लवकर, भात लागेल."

तेव्हापासून दर ऑगस्टात तिला सोप्यातल्या भिंतीशी उभी करते. रंग दिला तरी पुराच्या रेषेची पट्टी तशीच ठेवलीय. रेष बरोबर ती पदर खोचते तिथं येते. गेल्या वर्षीपासून ती खुर्ची मागते, त्यामुळे रेष आता खांद्याशी. आणि त्याच फोटोत कपाळावर टिकली. इतक्या वर्षांनी! मी काही विचारलं नाही.

खाली लिहिलं, 'आई बदलली.' वाचलं आणि खोडलं. जास्त लिहिलं की भाषण होतंय. काय करू?

आटपाडीचा
माझंही हेच झालेलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचा आमचा माळ आणि आता तिथंच डाळिंब, असे दोन फोटो. खाली लिहिलं, 'पाण्यानं क्रांती केली.' वडील म्हणाले, "क्रांती कुठं दिसतीय ह्यात? घागरी कुठं गेल्या ते लिही." मग लिहिलं, 'घागरी माळ्यावर. दोन गळक्या.' फोटोत जे नाही तेवढंच लिहा. बदल-बिदल शब्द नकोच.

जुना डार्करूमवाला
लिहिण्यातलं मला कळत नाही. पण ती वडी टाकली नाहीत ना? सुक्या वडीला ओढू नका. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओढला की चित्र शेजारच्या फोटोच्या पाठीवर जातं. स्वच्छ, गार पाण्यात भिजवून हळूच सुटतायत का बघा. आधी नको असलेल्या फोटोंवर करून बघा, इतक्या वर्षांनी सुटतीलच असं नाही. सुटले तर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा.
आणि टिकलीचं आईंना विचारल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. लिहिलेलं वाचूनही दाखवा.

गावभागातली
काका, वडी आहे. बिस्किटाच्या डब्यात. रविवारी भिजवते.

काल रात्री आईला विचारलं. म्हणाली, "माडीवरचा आरसा पुसत होते. कडेला चिकटलेली जुनी टिकली हातात आली. टाकवेना."

म्हटलं, एवढंच लिहू?

"लिही की. खुर्चीचं तेवढं लिहू नकोस. गुडघ्यांचं गल्लीभर होईल."