एका मिनिटाची टूडी फिल्म: पाय घसरतात, ओठ जुळत नाहीत

खारेगावकर
नवी मुंबईत ॲनिमेशनच्या डिग्रीचं दुसरं वर्ष. सेमिस्टरला १ मिनिटाची हाताने काढलेली फिल्म द्यायची आहे, हातात १० आठवडे. ठाण्याच्या तलावपाळीवर फिरायला आलेले आजोबा आणि चहावाला, एवढीच गोष्ट. वॉक सायकल (दोन पावलांची, पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) नुसती बरी दिसते, मागे पॅन होणारा, म्हणजे आडवा सरकणारा कठडा लावला की पाय घसरतात आणि थरथरतातही. मराठी संवादांवर ऑटो लिपसिंक (आवाजावरून आपोआप ओठ हलवणारी सोय) भलतंच तोंड हलवतं. एकूण ड्रॉइंग्ज किती धरू?

पेगबार
घसरणं आणि थरथरणं ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पाऊल १२ फ्रेमचं धरा: काँटॅक्ट (पुढचा पाय जमिनीला लागतो ती पोझ) १ वर, पासिंग (हवेतला पाय टेकलेल्या पायाजवळून जातो ती पोझ) ७ वर, पुढचा काँटॅक्ट १३ वर. एवढ्या वेळात टेकलेला पाय दर ड्रॉइंगला सारखाच मागे जायला हवा. चवड्यापासून चवड्यापर्यंत १८० पिक्सेल असतील तर टूजवर (एक ड्रॉइंग दोन फ्रेम) ३०-३०. टाचेवरून मोजू नका, काँटॅक्टला मागची टाच उचललेली असते. स्लो-इन, स्लो-आउट (हालचाल हळू सुरू होणं, हळू थांबणं) हातांना द्या, हवेतल्या पायाला द्या. टेकलेल्या पायाला दिलं की तो घसरणारच.

थरथर येते ती पॅन वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र) आणि आजोबा टूजवर असल्यामुळे. कठडा दर फ्रेमला १५ सरकतो, पाय मात्र एक फ्रेम थांबून ३० ची उडी घेतो. कठडा टूजवर आणता येईल, पण उभ्या दांड्या फार फडफडतात. त्यात दांड्यांमधलं अंतरही ३० निघालं तर कठडा हललाच नाही असं वाटेल. त्यापेक्षा चाल वन्सवर करा. सायकल १२ ऐवजी २४ ड्रॉइंग्जची होईल, पण ती एकदाच काढायची आहे.

अनुस्वार
ऑटो लिपसिंक बहुधा इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं असतं. हातानेच करा. प, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटतात. अनुस्वार दिसला म्हणून मिटू नका: ‘आंबा’त मिटतात, ‘वांगं’त नाही. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च सुद्धा वेगळे. चहाला ओठ किंचित पुढे, चमच्याला दात जवळ आणि ओठ सपाट. मिटलेलं तोंड किमान २ फ्रेम टिकवा आणि आवाजाच्या फ्रेमभर आधी आणा. प्रत्येक अक्षराला तोंड दिलंत तर आजोबा बडबडे वाटतील.

पेगबार
च चं बरोबर आहे, पण तो क्लोजअपपुरताच. लाँग शॉटमध्ये उघडं-मिटलं पुरतं.

एक्सशीट
६० सेकंद × सेकंदाला २४ म्हणजे १४४० फ्रेम, सगळं टूजवर केलं तर ७२० ड्रॉइंग्ज. रफ (कच्चं चित्र), क्लीनअप (पक्की रेघ), रंग मिळून एकाला २० मिनिटं धरली तरी २४० तास, म्हणजे आठवड्याला २४. कॉलेज सांभाळून जमणार नाही. आधी खऱ्या आवाजावर ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावलेला कच्चा व्हिडिओ) लावा, मग शॉटागणिक सायकल आणि होल्ड (एकच पोझ थांबवून ठेवणं) ठरवून ३०० वर या. १०० तास होतील. गोठलेला होल्ड मेल्यासारखा दिसतो, म्हणून तीच पोझ तीनदा गिरवून ती तीन ड्रॉइंग्ज आलटून-पालटून दाखवत ठेवा.

आणि एडिटमध्ये इमेज सिक्वेन्स (फ्रेमच्या ओळीने जोडलेल्या फाइली) सेकंदाला २५ फ्रेमचा म्हणून उघडत नाही ना, ते बघा. तसं झालं तर चित्र ५७.६ सेकंदांतच संपतं, आणि शेवटच्या संवादाला आजोबा जवळजवळ अडीच सेकंद आधीच तोंड हलवून मोकळे होतात.