शब्दचर्चा: ‘शिक्षा’ काढून ‘परिणाम’ घातलं तर?

प्रश्न: शाळेची वर्तन-नियमावली मराठीत लिहायची आहे. ‘शिक्षा’च्या जागी सगळीकडे ‘परिणाम’ चालेल का? आणि ‘नकारात्मक प्रबलन’ म्हणजे शिक्षाच ना?

उत्तर १: दुसऱ्याचं आधी. नाही, नेमकं उलट. प्रबलनाने वर्तन वाढतं, शिक्षेने घटतं. इथे ‘नकारात्मक’ म्हणजे वाईट नव्हे, वजा झालेलं: नकोशी गोष्ट टळते, म्हणून ती टाळणारं वर्तन वाढतं. गणिताचा कागद समोर आला की मुलगा तो फाडतो, त्याला वर्गाबाहेर काढतात, गणित टळतं. शिक्षकाच्या लेखी शिक्षा, मुलाच्या लेखी सुटका! उद्या पुन्हा फाडणार. त्यापेक्षा वीसऐवजी पाच गणितं द्या, पहिलं सोबत बसून सोडवा आणि ‘जरा थांबू का?’ असं विचारायला शिकवा. विचारलं की दोन मिनिटं लगेच मिळाली पाहिजेत. सुरुवातीलाच ‘आत्ता नाही’ म्हटलंत, तर फाडणंच जास्त खात्रीचं ठरतं.

उत्तर २: ‘परिणाम’ सरसकट नको, नाहीतर पाटी बदलली आणि दुकान तेच. बाकावर रेघोट्या मारल्या, त्या पुसल्या: हा परिणाम. रेघोट्या मारल्या म्हणून आठवडाभर मधली सुट्टी बंद: ही शिक्षा, नाव काहीही द्या. कृतीशी संबंध हवा, प्रमाण हवं, मुलाला आधी ठाऊक हवं. आणि सगळ्यांसमोर हिणवत पुसायला लावलं, तर तीही शिक्षाच.

उत्तर ३: हिंदी मसुदा हाताशी असेल तर जपून. तिथे ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण.

प्रश्नकर्ता: मारामारीनंतरच्या बैठकीला ‘समेट’ म्हणावं का?

उत्तर २: दोघांचीही चूक असेल तर म्हणा. एकच मूल दुसऱ्याला सतत छळत असेल तर नको. ‘समेट’मध्ये दोघांनी थोडं थोडं नमायचं असतं. तिथे ‘भरपाई’ बरा. छळ सोसणाऱ्याची तयारी नसेल तर समोरासमोर बसवूच नका, दोघांशी वेगवेगळं बोला. पारा उतरल्यावर विचारा: काय झालं? कोणाला त्रास झाला? आता काय केलं म्हणजे भरून निघेल? ‘का केलंस?’ टाळा, मूल सबबी शोधायला लागतं.

उत्तर १: नियमावलीत ‘माफी मागायला लावावी’ असं असेल तर तेही काढा. ‘भरपाई’पुढे कृती लिहा: फाटलेली वही उतरवून देणं, पाडलेलं सामान लावून देणं.